गार भाताचं गाव

"शिंग आयकलंत ना? मग उठलात का नाय?"

फार वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका भर दुपारी, धाकू भोयाने हा प्रश्न कोंडघरच्या अख्ख्या पंगतीला विचारला. अंगावर चिखल होता, दंडाला फांद्यांचे ओरखडे होते आणि खांद्यावर त्याचा मेलेला भाऊ होता. पंगत चांगली मोठी होती. माना मात्र सगळ्यांच्या खाली होत्या. त्या दुपारी उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं नाही, आणि धाकू होता तोवर कधीच आलं नाही, असं म्हणतात.

आता हे काय झालं, ते नीट सांगायला हवं. कारण कोंडघरची माणसं पुढे पुढे म्हणायला लागली, की नदीने नेला त्याला. नदी बिचारी! तिला तोंड नाही, म्हणून तिच्यावर काहीही ढकलावं काय?

नदीचं नाव धावरी. घाटाच्या कुशीतून उतरते आणि नावासारखीच धावते. रुंद नाही, लांब नाही, पण अंगात मस्ती भारी. वरच्या अंगाला माथेवाडी, मधे कोंडघर, खाली तळखाण. माथेवाडीच्या डोंगरावर पाऊस कोसळत असला तरी कोंडघरात लख्ख ऊन असायचं. माणसं गुडघाभर पाण्यात कपडे धूत असायची आणि वरून लोंढा निघालेला असायचा. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घातली होती. पाणी चढलं, की माथेवाडीने शिंग फुंकायचं. ते कोंडघरने ऐकायचं आणि आपलं शिंग फुंकायचं. कारण कोंडघरच्या खाली म्हशीचा खळाळ आहे, आणि त्या खळाळाच्या आवाजात माथेवाडीचं शिंग खालच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, ऐकू जात नाही. म्हणजे उतारावरच्या माणसाचा जीव कोंडघरच्या फुंकेवर. एवढी साधी गोष्ट.

त्या उतारावर कानू भोई डोण चालवायचा. आंब्याचं एक अख्खं खोड कोरून केलेली लांबट डोण, आणि हातात एक वल्हं. धाकू त्याचा पाठचा भाऊ. आई लवकर गेली, बाप त्याआधी गेला, त्यामुळे धाकूला जे काय यायचं ते कानूने शिकवलेलं. शाळा त्या मुलखात कोणाला ठाऊक नव्हती. कानू त्याला डोणीत पुढे बसवायचा आणि पाणी वाचायला लावायचा.

"धाक्या, समोर बघ. पाण्याची जीभ दिसते? दोन धोंडींच्या मधून गुळगुळीत निघालीय ती? तिचं टोक खाली असलं तर ती वाट. बिनघोर जा. आणि टोक वर, आपल्याकडे असलं तर?"

"तर खाली धोंड."

"शाबास. आणि धोंडीच्या पाठीमागे पाणी उलटं वर चढतं, तिथे दम खायचा. देवाने नदीत घातलेली ओटी हाय ती. आणि पाण्यात झाड पडलेलं दिसलं तर?"

"तर लांबून पळायचं."

"का?"

"पाणी फांद्यांतून जातं, माणूस जात नाय."

कानू आणखी एक सांगायचा. "चढलेल्या पाण्याला भिऊ नको. ते सांगून येतं. आटलेल्या पाण्याला भी." धाकूला तेव्हा हसू यायचं. आटलेल्या पाण्यात काय भ्यायचं? बेडूकसुद्धा भीत नाही.

त्या वर्षी भाताची लावणी आटपली आणि देवाचं गावजेवण ठरलं. कोंडघरचं गावजेवण म्हणजे पंचक्रोशीत नाव. देवळाच्या टेकडीखाली, नदीकाठच्या सपाट मळईवर पंगत बसायची. पहिलं पान दाजी खोताचं. तिथे एक रीत होती, आणि त्या रीतीचा गावाला फार अभिमान होता. दाजी खोत उठल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही. ठसका लागो, विंचू चावो, उठायचं नाही. दुसरी रीत अशी, की देवळातल्या शिंगाला खरकटा हात लावायचा नाही. देवाचं शिंग ते.

पहिली पंगत बसली आणि दुसरीला पानं कमी पडणार असं दिसलं. दाजी खोताने बसल्या जागेवरून हुकूम सोडला, "कान्या, पलीकडच्या बागेतनं केळीची पानं घेऊन ये. तू मागनं जेव."

कानू गेला. डोण भरून हिरवीगार पानं घेऊन परत निघाला. अलीकडच्या काठावर धाकू उभा होता.

"धाक्या, खिरीचा वास इथवर येतोय रे! माझ्या वाटणीची राखलीस का गिळलीस?"

"गिळली!"

"मग तुला आता वल्ह्यानेच वाढतो, थांब."

हे त्यांचं शेवटचं बोलणं.

आधी पाण्यावर पालापाचोळा आला. मग फेस आला. मग पाण्याला ओल्या मातीचा वास आला. धाकू ओरडला, तेवढ्यात लोंढाच आला. कानूने जे करायचं ते सगळं बरोबर केलं. डोणीचं तोंड फिरवलं, जीभ शोधली, जिभेवरून डोण सरळ नेली. चूक पाण्याची नव्हती, कानूची तर नव्हतीच. पण उताराच्या खाली दाते म्हणून धोंडींची रांग आहे, आणि त्या दात्यांत एक उंबर आडवा पडला होता. गेल्या पावसाळ्यापासून पडला होता. देवराईतला उंबर म्हणून त्याला कोणी कुऱ्हाड लावली नव्हती. देवाचं झाड ना ते!

पानं फांद्यांतून गेली. एक एक पान सुटं होऊन, न फाटता, तळखाणपर्यंत वाहत गेलं. डोणसुद्धा उलटी होऊन गेली आणि पुढच्या वळणावर काठाला लागली. कानू गेला नाही.

धाकूने त्याला कसा काढला, ते कोणी पाहिलं नाही. तो स्वतः त्यावर कधी बोलला नाही. भावाला खांद्यावर घेऊन तो मळईकडे येत होता, तर वाटेत दुरपा भेटली. दुरपा ही गावची म्हातारी, पंगतीमागे भांडी घासायची. तिने कानूकडे पाहिलं आणि हातातला राखेचा गोळा फेकून दिला.

"वरचं शिंग वाजलं रे धाकू. चांगलं दोनदा वाजलं. मी ओरडले, शिंग वाजलं, उठा. तर म्हणतात कसे, म्हातारे, पंगत बसलीय, दिसत नाय काय!"

"दाजी काय म्हणाला?"

"त्याचं ताक-भात चाललं होतं."

मग धाकूने तो प्रश्न विचारला. आधी सगळ्यांना विचारला. मग एकेकासमोर जाऊन विचारला. कोणी पानाकडे बघितलं, कोणी बोटाने मीठ सारत बसलं. पंगत अजून उठलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. शेवटी दाजी खोत म्हणाला, "त्याची घटका भरली होती. नदीची मर्जी. तू आता त्याला पंगतीपासून बाजूला ने, अन्नावर सावली पडते."

ऐकताय ना? अन्नावर सावली पडते.

धाकूचं डोकं मुळात तापट. त्याने कानूला दुरपाच्या पुढ्यात निजवलं. दाजी खोताच्या पानावर वाकला, त्याच्या ताक-भातात हात मनगटापर्यंत बुडवला, आणि तोच हात घेऊन टेकडीच्या पायऱ्या चढला. देवळातलं शिंग त्याने त्याच खरकट्या हाताने उचललं आणि फुंकलं. असं फुंकलं, की पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला आणि गोठ्यातल्या गाईंनी दावी तोडली, असं म्हणतात. मग तो देवळाच्या दारातून ओरडला, "बघा! वाजतंय! खरकट्या हातानं पण वाजतंय! देव काय आंधळा झाला नाय, आभाळ काय कोसळलं नाय! आणि माझा दादा मेला!"

भावाला अग्नी दिल्यावर तो कुऱ्हाड घेऊन दात्यांवर गेला आणि तो उंबर तोडून त्याचे तुकडे तुकडे नदीत सोडले. मग शिंग कमरेला बांधलं, भावाची डोण खांद्यावर घेतली आणि गाव सोडलं.

गावाने त्याला वाळीत टाकलं. शिंग बाटवलं, झाड तोडलं, भरल्या पानात हात घातला. तीन मोठी पापं झाली. कानू मेला, हे मात्र कोणी पापांत धरलं नाही.

धाकू कुठे गेला? लांब गेला नाही. माथेवाडी आणि कोंडघर यांच्या मधे, धावरीच्या ऐन पात्रात एक उंच कातळ आहे. त्यावर त्याने झोपडी बांधली. तिथून वरचं शिंग ऐकू यायचं. ते वाजलं, की धाकू आपलं शिंग फुंकायचा, असं, की म्हशीच्या खळाळाला न जुमानता ते उतारावर आणि पार तळखाणला पोचायचं. दुपार असो, पहाट असो, तो ताप येऊन पडलेला असो. आणि पाणी उतरलं, की डोण घेऊन कोंडघरसमोरून जायचा आणि काठावरच्या माणसांना शिव्या घालायचा.

"ए, पोरांना तिकडे पोहायला सोडू नका, कपारीखाली पोकळ हाय! आत ओढते! डोळे हायत ना तुम्हाला? कान तर नायतच!"

धोंडींवर त्याने चुन्याने खुणा केल्या. कुठे वाट, कुठे भोवरा, कुठे तळाला कपार. पुरात चुना वाहून जायचा. तो परत लावायचा. रागाने लावायचा, पण लावायचा. डोण घेऊन तो दात्यांतून असा जायचा, की पाण्याचा थेंब आत यायचा नाही. डोणीत मागे कोणीतरी बसलेलं दिसायचं, असं म्हणतात. धाकू पुढे आणि मागे अजून एक वल्हं.

गावकऱ्यांचं कसं, तर वाळीतल्या धाकूच्या हातचं पाणी चालायचं नाही. त्याची सावली नको. त्याचं शिंग मात्र चालायचं. ते वाजलं, की लुगडी, धोतरं गोळा करून सगळे काठावर. त्यानंतर धावरीने कोंडघरचं एक माणूस नेलं नाही. धाकूला भाकरी कोण द्यायचं? एकटी दुरपा. ती कातळासमोरच्या काठावर फडक्यात भाकरी ठेवायची आणि म्हणायची, "मेल्या, एवढा राग हाय तर सोडून का नाय जात हा मुलूख?"

"उत्तर मिळालं की जाईन."

"मिळायचं नाय ते."

"मग बसलोय."

वर्षं गेली. दाजी खोत म्हातारा झाला, पण पहिलं पान त्याचंच. आणि एका श्रावणात, गावजेवणाच्याच दिवशी, धावरी आटली.

ऐन श्रावणात! धारेचा आवाज बारीक होत होत बंद झाला. कातळावर बसलेल्या धाकूला आधी कळेना, की काय चुकतंय. मग कळलं, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. खाली पाहिलं, तर गोटे उघडे पडले होते आणि डबक्यात मासे उड्या मारत होते. माथेवाडीचं शिंग वाजलं नाही. का वाजेल? पाणी चढलं तर शिंग फुंकायचं. पाणी आटलं तर काय करायचं, ते रीतीत नव्हतं.

धाकूला कानूचं बोलणं आठवलं. आटलेल्या पाण्याला भी. वर कुठेतरी दरड आडवी पडली होती आणि डोंगराचं सगळं पाणी तिच्यामागे साठत होतं.

त्याने डोण कातळावरून खाली लोटली. पाणी नाही तिथे ओढली, घोट्याभर पाणी तिथे ठेलली. शिंग फुंकत निघाला. अर्ध्या वाटेत मागे डोंगर फुटल्यासारखा आवाज झाला आणि डोण आपोआप उचलली गेली. लोंढा तिच्या पाठीशी आला होता. झाडं, दगड, मेलेली गुरं पोटात घेऊन येणारा लोंढा. त्याच्या ऐन तोंडावर धाकूची डोण होती, आणि तो तिला गिळत नव्हता. कानू मागे उभा राहिला होता आणि त्याने दोन्ही हातांनी पाणी मागे रेटून धरलं होतं, असं म्हणतात. नाहीतर लोंढ्याच्या पुढे कोणी माणूस कुठे पोचतो काय?

मळईवर पंगत बसली होती. अख्खा गाव. शिंग सगळ्यांनी ऐकलं. घास हातात धरून सगळ्यांनी दाजी खोताकडे बघितलं. दाजीने नदीकडे बघितलं. नदी कोरडी.

"नदी आटलीय आणि हा शिंग फुंकतोय," दाजी म्हणाला. "खुळा झाला. वाढा."

आणि पंगत बसून राहिली! दुसऱ्यांदा!

लोंढा वरच्या अंगाला कोणी अडवून धरल्यासारखा मागे राहिला आणि धाकू काठावर उतरला. डोण ओढत टेकडीच्या पायथ्याशी नेऊन पायरीला अडकवली आणि धावत आला.

"या धाकूशेट!" कोणीतरी ओरडलं. "वास लागला वाटतं जेवणाचा!" सगळी पंगत हसली.

या माणसांना विचारून काही होत नाही आणि सांगूनही काही होत नाही, हे धाकूला एवढ्या वर्षांत कळलं होतं. त्याने दाजी खोताच्या पुढ्यातलं पान धरलं आणि ओढलं. भात, वरण, खीर, सगळं मातीत. मग शेजारचं पान ओढलं. मग त्याच्या शेजारचं. अख्खी पंगत तो ओढत, उलटी करत, ओरडत गेला, "पान नाय तर पंगत नाय! जेवा आता! जेवा ना!"

अन्नाचा असा अपमान त्या गावाने कधी बघितला नव्हता. आधी दाजी खोतच उठला, आणि तो उठल्यावर सगळेच उठले. कोणी लाकूड उचललं, कोणी पळी. बायका पदर खोचून निघाल्या, पोरं दगड घेऊन निघाली. "धरा त्याला! सोडू नका आज!"

धाकू पळाला. कुठे पळाला? घरांकडे नाही, नदीकडे नाही. टेकडीवर, देवळाच्या पायऱ्यांवरून वर. मधेच थांबून मागे वळून शिव्या घालायचा, म्हणजे दमलेले म्हातारेसुद्धा चिडून आणखी चार पायऱ्या चढायचे. दाजी खोताला दोघांनी उचलून आणलं, कारण पहिला फटका मारायचा मान त्याचा. दुरपा सगळ्यांत मागे होती. ती चढता चढता हसत होती आणि रडत होती, असं म्हणतात.

देवळाच्या अंगणात त्यांनी त्याला गाठलं. त्याने मार चुकवला नाही. काठी वर गेली, आणि तेवढ्यात आवाज आला.

सगळ्यांनी मागे पाहिलं. मळई नव्हती. जिथे पंगत बसली होती तिथे तांबडं पाणी उभं होतं आणि त्यात चुलाणावरचा हंडा गोल गोल फिरत होता. गावातलं एकही माणूस खाली राहिलं नव्हतं. तान्हं मूलसुद्धा नाही. रागाच्या भरात सगळेच वर आले होते.

काठी वरच राहिली.

धाकूचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तो खाली वळणाकडे बघत होता. वळणापलीकडे उतार होता, आणि दुसऱ्या पंगतीला येणारी तळखाणची माणसं या वेळी तिथेच पात्र ओलांडत असणार. पाणी नाही म्हणून पायीच, पोराबाळांसकट. त्याने शिंग फुंकलं. लोंढ्याच्या गाजेत ते टेकडीवरच विरलं. खालच्यांना ते ऐकू जायला एकच मार्ग होता. त्यांच्या जवळ जायचं.

पाणी पायऱ्या चढत वर आलं होतं, आणि डोण पाण्याबरोबर वर येऊन पायरीपाशी उभी होती, कोणी आणून लावल्यासारखी.

तळखाणच्या लोकांनी पुढे सांगितलं ते असं. ते पात्राच्या मधोमध होते. वळणावर शिंग वाजलं, पुन्हा वाजलं, अगदी जवळ वाजलं. ते जिवाच्या आकांताने काठाला पळाले. शेवटचं माणूस दरडीवर चढलं आणि लोंढा आला. त्याच्या तोंडावर एक डोण होती, जिभेवरून सरळ चाललेली. डोणीत दोन माणसं होती, दोघेही वल्हवत होते, असं ते म्हणतात. पुढचा फुंकायचा तेव्हा मागचा सांभाळायचा. शिंगाचा आवाज दात्यांपलीकडे गेला, खाडीपर्यंत गेला. धाकू परत आला नाही. डोण कुठेच लागली नाही. शिंग पाणी उतरल्यावर दात्यांत सापडलं, आणि त्याच्या कडेला भाताची शितं तशीच चिकटलेली होती.

ते शिंग आज कोंडघरच्या देवळात आहे. त्याला सोवळं नाही. गावजेवणाला पंगत आता टेकडीवर बसते. पानं मांडतात, गरम भात वाढतात, तूप सोडतात. पहिला घास तोंडात गेला, की नदीकडे तोंड करून उभा असलेला माणूस उष्ट्या हाताने शिंग फुंकतो. ते फुंकलं, की पंगतीतलं सगळ्यांत लहान पोर सगळ्यांत मोठ्या माणसाचं पान ओढतं. मग अख्खी पंगत उठते. पूर असो नसो, पाहुणे असोत, जावई असोत, उठायचं. देवळाला वळसा घालायचा आणि मग परत येऊन बसायचं. तोवर भात गार होतो. बाहेरगावची माणसं हसतात, म्हणतात, कोंडघरला जाऊ नका, गार भाताचं गाव ते. कोंडघरची माणसं हसत नाहीत. सणाचा भात गरम खाल्ला तर त्यांच्या घशाखाली उतरत नाही, असं म्हणतात. आणि दर श्रावणात धोंडींवर चुन्याच्या खुणा नव्याने होतात. त्या लावायला घरटी एक माणूस जातं.

एक राहिलं. देवळाच्या पायरीवरचं.

धाकू डोणीत पाय ठेवणार, एवढ्यात दाजी खोत गर्दीतून पुढे आला. त्याच्या उजव्या हाताला वरण-भात तसाच लागलेला होता. तो हात त्याने धाकूच्या खांद्यावर ठेवला, तिथे, जिथे त्या दिवशी कानू होता. खोत म्हणाला, "धाकू, थांब. तू विचारलं होतंस. त्या दिवशी मी का नाय उठलो, ते आज सगळ्यांदेखत सांगतो."

सगळा गाव कान देऊन उभा राहिला. एवढी वर्षं धाकू याच एका गोष्टीसाठी त्या कातळावर बसला होता. खाली वळणापलीकडे तळखाणची माणसं पात्रात होती.

धाकूने खोताचा हात खांद्यावरून काढला, डोण पायरीपासून ढकलली आणि शिंग तोंडाला लावलं.